पापड पांढरा, फोटो काळपट

(बचत गटांसाठीच्या कार्यक्रमात रेडिओवरून झालेलं बोलणं)



उन्हाळी कामं आता उरकत आली असतील. उडदाचे पापड, गव्हाच्या कुरडया, बाजरीच्या खारवड्या, सांडगे, वर्षाचं तिखट, काळा मसाला. लाटणारीचे खांदे भरून आले, कांडणारीचे हात भगभगले, पण डबे भरले. आता तो माल विकायचा आहे.

आठवडी बाजारात गिऱ्हाईक समोर उभं असतं. जत्रेत असतं, मुंबईला महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात गाळा मिळाला तर तिथंही असतं. ते पापड हातात घेऊन उजेडाला धरतं, मसाल्याचा वास घेतं, लोणच्याची फोड चाखतं. तिथं आपला माल स्वतःच बोलतो. पण हल्ली बरंच गिऱ्हाईक फोनवरचं असतं. कुणाची नणंद ठाण्याला, कुणाची भाची पुण्याला, आणि तिच्या सोसायटीतल्या आणखी चार बाया. तिकडून निरोप येतो, "ताई, आधी फोटो पाठवा ना." आपण फोटो पाठवतो आणि तिकडून एकदम सामसूम. नाहीतर उलटा सवाल येतो, "पापड काळपट दिसतायत, गेल्या वर्षीचे आहेत का?"

परवा लाटलेला पापड, आणि तिला तो गेल्या वर्षीचा वाटतो! राग येतो. पण तिचंही काही चुकत नाही. तिच्या हातात पापड नाही. वास नाही, चव नाही, कुरकुर आवाज नाही. तिच्याजवळ आहे तो फक्त आपण पाठवलेला फोटो. चार बायांची आठ दिवसांची मेहनत त्या वीतभर काचेवर दिसेल तेवढीच तिला दिसते, आणि भावही ती त्यावरूनच करते.

म्हणून आज फोटोबद्दल बोलू. नवा फोन घ्या असं मी सांगणार नाही. घरात आहे त्याच फोनवर मालाचा फोटो का बिघडतो आणि तो कसा सुधारायचा, एवढंच सांगायचं आहे.

डोळ्याला दिसतं ते फोनला दिसत नाही

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपला डोळा फार हुशार आहे. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली तांदूळ निवडत बसलात तरी तो तुम्हाला पांढराच दिसतो. कारण तांदूळ पांढरा असतो हे मनाला ठाऊक असतं, आणि डोळा तसा हिशोब करून घेतो. फोनला तांदूळ ठाऊक नाही. समोर जेवढा आणि ज्या रंगाचा उजेड आहे, त्यावरून तो अंदाज बांधतो, आणि हा अंदाज कैकदा चुकतो.

अंदाज चुकायची एक ठरलेली तऱ्हा आहे. फोनला सगळं मध्यम हवं असतं, फार उजळ नको आणि फार काळं नको. पांढऱ्या धोतरावर पांढरे पापड वाळत घातलेत आणि फोटो काढलात, तर फोनला वाटतं, अरे, हे फारच उजळ झालं. मग तो सगळाच फोटो अंधारा करतो आणि पापड राखाडी होतो. उलट काळ्या मसाल्याचा ढीग पाटीत भरून जवळून फोटो काढलात, तर त्याला वाटतं, हे फारच काळं आहे. तो उजळवून टाकतो, आणि आपला खमंग भाजलेला मसाला मातीसारखा फिका दिसतो.

यावर उपाय बोटाच्या टोकावर आहे. कॅमेरा उघडलात की पडद्यावर जिथं पापड दिसतोय, तिथं बोट टेकवा. बहुतेक फोनवर तिथं एक चौकोन किंवा गोल येतो आणि शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह दिसतं. ते वर सरकवलं की फोटो उजळतो, खाली सरकवलं की गडद होतो. माल डोळ्यासमोर ठेवूनच हे करा. एकदा पापडाकडे बघा, एकदा पडद्याकडे. दोन्ही सारखे दिसले की फोटो काढा. पांढऱ्या मालाला थोडं वर, काळ्या मालाला थोडं खाली, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

आणि सगळ्याच्या आधी फोनच्या पाठीवरची ती छोटी काच पुसा. पिठाचे हात, तेलाचे हात, लेकराचे हात, सगळे तिथंच लागतात. तेलकट काचेतून फोटो काढला की सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतं आणि आपण बोल लावतो फोनला. पदरानं घासू नका, पदरावर खरखरीत कण असला तर काचेवर चरा पडू शकेल. जुन्या धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा त्यासाठी वेगळा ठेवा.

उजेड घरातच सापडतो

फोटोचं खरं भांडवल म्हणजे उजेड. आपल्या घरात तो कुठं आणि कधी येतो, हे आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? वाळवण घालताना आपण उन्हाचाच माग काढत असतो की.

भर दुपारचं ऊन वाळवणाला चांगलं, पण फोटोला वाईट. त्या उन्हात सावल्या काळ्याकुट्ट पडतात आणि जिथं ऊन लागतं तिथं पापड नुसता पांढरा ठिपका होतो, त्यावरचे जिऱ्या-मिऱ्याचे कण दिसत नाहीत. घरात आतल्या खोलीत गेलात तर उजेड इतका कमी की फोनला फोटो घ्यायला जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात हात जरा हलला तरी फोटो पुसटतो.

फोटोला हवा तो मधला उजेड, म्हणजे भरपूर पण नरम. तो मिळतो पडवीत, ओट्यावर, दाराच्या आत दोन हातांवर, जिथं आभाळ दिसतं पण ऊन थेट पडत नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला असा उजेड बऱ्याच घरांत असतो. श्रावणातलं ढगाळ आभाळ तर फोटोला फारच चांगलं. ढग म्हणजे सूर्यावर ताणलेलं पातळ धोतरच. त्यातून उजेड गाळून येतो. माळवदाच्या घरात खिडक्या लहान असतात, तिथं दाराचा उंबरा हीच आपली खिडकी समजा.

माल असा ठेवा की उजेड एका बाजूनं येईल. उजेड आपल्या पाठीमागून सरळ मालावर पडला तर सगळं सपाट दिसतं. बाजूनं आला की पापडावरचे फोड, कुरडईचे पदर, गोधडीचा धावदोरा उठून दिसतो. आणि दुसरी बाजू अंधारी पडली तर तिथं पांढरं कापड किंवा कोरा कागद उभा धरा. उजेड त्यावर आपटून परत मालावर येतो आणि सावली मऊ होते. एकीनं फोटो काढायचा, दुसरीनं कागद धरायचा. गटात हे सोपं जातं.

फोनची बत्ती, म्हणजे फ्लॅश, मालाच्या फोटोला बंदच ठेवा. तिनं मधोमध पांढरा चट्टा पडतो, आणि प्लॅस्टिकची पिशवी किंवा काचेची बरणी असली तर दुसरं काही दिसतच नाही. घरातला दिवाही दिवसा फोटो काढताना बंद करा. दारातून येणारा उजेड थोडा निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की पापडाची एक कड निळी आणि दुसरी पिवळी दिसते. शिवाय घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फोनवर काळे पट्टे उमटतात. फोन बिघडलेला नसतो, ते पट्टे दिव्याचे असतात.

भिंतीचा रंग मालाला लागतो

ही गोष्ट पटकन ध्यानात येत नाही. उजेड ज्याला लागून येतो, त्याचा रंग घेऊन येतो. आपल्याकडे भिंती गुलाबी, पोपटी, निळ्या अशा छान रंगवलेल्या असतात. अशा भिंतीला खेटून पांढऱ्या शेवया ठेवल्या की शेवयांवर गुलाबी झाक येते. निळ्या ताडपत्रीवर वाळवण असेल तर निळी झाक. आणि सगळ्यांत फसवी ती हिरवी शेडनेट. तिच्या सावलीत डोळ्याला बरं वाटतं, पण तिथं काढलेल्या फोटोत हळद हिरवट दिसते आणि तिखट तपकिरी. गिऱ्हाइकाला वाटतं, बुरशी आली की काय.

म्हणून फोटोपुरता माल नेटखालून बाहेर काढा, रंगीत भिंतीपासून तीन-चार हात लांब ठेवा आणि खाली साधं, एकरंगी काही अंथरा. पांढऱ्या मालाखाली गडद रंगाचं जुनं लुगडं, घोंगडीचा तुकडा, काळी पाटी किंवा जुनी लाकडी फळी. काळ्या मालाखाली पांढरं धोतर किंवा कोरा कागद. बाजरीच्या खारवड्या मुळात राखाडी, त्या फोटोत रुसल्यासारख्या दिसतात. त्या सुपात किंवा बांबूच्या परडीत ठेवून बघा. सुपाचा पिवळसर रंग त्यांना उठाव देतो. फुलाफुलांचं प्लॅस्टिक, चकाकणारं ताट आणि देवाच्या चित्राचं कॅलेंडर फोटोत नको. नजर तिकडंच जाते.

मागं काय दिसतंय तेही बघा. चपला, केरसुणी, बादली, दोरीवरची लुगडी, आणि खाटेवर झोपलेले सासरे. घरात हे सगळं असणारच, त्यात लाज कसली? पण खायची वस्तू विकताना गिऱ्हाईक स्वच्छतेचा अंदाज मागच्या चित्रावरून बांधतं. माल नेहमी एकाच कोपऱ्यात मांडा आणि तेवढा कोपरा आवरा, आख्खं घर आवरायची गरज नाही.

कोणत्या मालाला कसा फोटो

पापड, पोळी, भाकरी अशा चपट्या वस्तूंचा फोटो वरून, अगदी सरळ खाली बघून काढा. फक्त आपल्या डोक्याची सावली पडत नाही ना, ते बघा. उजेडाकडे तोंड करून उभ्या राहिलात की सावली मागं जाते. दहा पापडांची चळत ठेवा आणि एक पापड तिला टेकवून उभा करा, म्हणजे जाडी कळते. एक तळलेला किंवा भाजलेला पापडही शेजारी ठेवा. कच्च्याचा नुसता आकार कळतो, फुललेला पापड बघितला की तोंडाला पाणी सुटतं.

कुरडई, सांडगे, लाडू, चकली यांना उंची असते. त्यांचा फोटो वरून न काढता, ताटासमोर जेवायला बसल्यावर जसं ताट दिसतं तसा तिरपा काढा.

लोणचं आणि तूप काचेच्या बरणीत असेल तर बरणी उजेडाच्या वाटेत ठेवा, म्हणजे उजेड मागून येऊन तेलातून पार होईल. बरणीमागं कोरा कागद ठेवलात तर रंग आणखी स्वच्छ दिसतो. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब पडत असेल तर एक पाऊल बाजूला सरका. एक झाकण उघडून फोडी वाटीत काढा. बंद बरणीतलं लोणचं सगळ्यांचं सारखंच दिसतं.

प्लॅस्टिकच्या पिशवीतला मसाला हा सगळ्यांत अवघड. पिशवी चकाकते. ती आडवी ठेवण्यापेक्षा थोडी कलती उभी करा आणि हळूहळू फिरवा. एका जागी चकाकी निघून जाते, तिथं थांबा. पिशवीसमोर वाटीभर मसाला मोकळा ठेवा, शेजारी मोजकी धणे, दगडफूल, खोबरं, लाल मिरची. पण मसाल्यात जे घातलंय तेवढंच ठेवा. केशराची काडी शोभेला ठेवली तर गिऱ्हाईक ती मसाल्यात शोधेल.

गोधडी किंवा वाकळ जमिनीवर अंथरून फोटो काढला की तिची एक बाजू रुंद आणि लांबची बाजू अरुंद दिसते. ती दोरीवर किंवा बाजेच्या कडेवर टाकून, पाच-सहा पावलं मागं जाऊन फोटो काढा. मग जवळ जाऊन टाक्यांचा एक फोटो आणि कोपरा उलटून मागच्या बाजूचा एक. हातशिलाईची पारख करणारी बाई मागची बाजूच आधी बघते.

जवळचा फोटो म्हणजे फोन मालाला चिकटवणं नव्हे. साधा फोन फार जवळ नेला की त्याला धूसर दिसतं, आपण सुई ओवताना डोळ्याजवळ नेली की दिसते तसं. वीतभर अंतर तरी ठेवा. आणि बोटांनी ताणून चित्र मोठं करण्यापेक्षा दोन पावलं पुढं जा. ताणलेल्या चित्राचे तुकडे पडतात. हात थरथरत असेल तर दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरा, किंवा फोन डब्याला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावा.

आणखी एक महत्त्वाचं, माप. फोटोत लाडू लिंबाएवढा की पेरूएवढा, ते कळत नाही. आपल्या हाताच्या तळव्यावर ठेवून एक फोटो काढा. हात हे सगळ्यांना कळणारं माप आहे. किलोवर विकत असाल तर वजनकाट्यावर ठेवलेला, आकडा स्पष्ट दिसेल असा एक फोटो द्या. मापावरून होणारी निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

फार सुंदर फोटोचा तोटा

आता जरा वेगळं बोलू. फोटो चांगला यावा म्हणून आपण धडपडतो, पण फोटो मालापेक्षा चांगला आला तर काय?

हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये अशी सोय असते की समोर खाण्याची वस्तू आहे हे ओळखून फोन आपोआप रंग भडक करतो. वर फिल्टर नावाची रंगरंगोटी. तिखटाच्या फोटोला ती लावली की तिखट लालभडक दिसतं. पहिल्यांदा आपल्याला बरं वाटतं. पण घरचं तिखट घेणारी बाई घाबरते कशाला? बाजारातल्या तिखटात रंग मिसळलेला असतो याला. लालभडक फोटो बघून तिला तीच शंका येते. ब्याडगीचं तिखट रंगाला गडद आणि चवीला सौम्य, लवंगीचं तिखट जहाल. ज्याचा जो रंग आहे तो दाखवा आणि कोणती मिरची घातली ते खाली लिहा. फोनमध्ये रंग भडक करणारी सोय चालू असेल तर ती बंद करा, आणि फिल्टर लावूच नका.

गुळाचंही तसंच. रसायन न घातलेला गूळ गडद तपकिरी असतो. पिवळाधमक गूळ बऱ्याचदा रसायनानं उजळवलेला असतो. मग आपला चांगला गूळ फोटोत पिवळा करून आपण स्वतःच त्याचं मोल कमी करतो. तो तपकिरीच दाखवा आणि तसा का आहे ते दोन ओळींत सांगा.

इंटरनेटवरून दुसऱ्याचा देखणा फोटो उचलून आपला म्हणून पाठवणं तर नकोच. एक तर तो दुसऱ्याच्या मेहनतीचा, मालकीचा. दुसरं म्हणजे पार्सल उघडल्यावर गिऱ्हाईक फोटो आणि माल शेजारी ठेवून बघतं. फरक दिसला की माल परत. पार्सलचं भाडं गेलं, पापडाचा चुरा झाला, आणि त्या सोसायटीतल्या बाकीच्या बायाही गेल्या. बाजारात एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं. फोनवरची गिऱ्हाइकं एकमेकींना विचारून येतात आणि एकमेकींना सांगून जातात.

फोटो म्हणजे आपण दिलेला शब्द. "असाच माल तुमच्या घरी येईल," हा तो शब्द. म्हणून ज्या घाण्यातला माल पाठवायचा, त्याच घाण्याचा फोटो पाठवा. या वर्षी उडीद जरा काळपट निघाला आणि पापड उतरला तसा, तर तेही दिसू द्या. पापड थोडा सावळा दिसला म्हणून एखादं गिऱ्हाईक कमी होईल, पण जे राहील ते टिकेल.

खाण्याच्या वस्तूच्या लेबलाचाही एक सरळ, वाचता येईल असा फोटो काढा. त्यावर माल कधी बनवला ती तारीख, वजन, किंमत, काय काय घातलंय, शाकाहारीचा हिरवा ठिपका आणि अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर स्वच्छ दिसला पाहिजे. देखण्या फोटोनं गिऱ्हाईक थांबतं, पण लेबल वाचून विश्वास टाकतं.

फोन कुणाचा, नाव कुणाचं, चेहरा कुणाचा

आता खरी अडचण. पुष्कळ घरांत चांगला फोन एकच असतो, आणि तो मालकाच्या खिशात नाहीतर मुलाच्या हातात. सकाळी आठचा उजेड अंगणात आलेला असतो तेव्हा फोन घराबाहेर पडलेला असतो. रात्री फोन परत येतो तेव्हा उजेड गेलेला असतो. मग बल्बखाली घाईनं फोटो निघतो आणि तो बिघडतो. अशा वेळी फोटो येत नाही म्हणून त्या बाईला बोल लावू नका. कामाचं हत्यारच तिच्या हातात नाही.

यावर गटानं मिळून तोड काढता येते. आठवड्यातला एक वार फोटोचा ठरवा. ज्या घरची पडवी उजेडाची, त्या घरी सगळ्यांनी माल घेऊन जमा. ज्या दोघी-तिघींकडे बरे फोन आहेत त्यांनी फोटो काढायचे, बाकीच्यांनी मांडणी करायची, कागद धरायचा, लेबलं लावायची. गटाच्या बैठकीला जोडून हे केलं तर वेगळा वेळही लागत नाही. एका सकाळी महिनाभराचे फोटो होतात. गटाच्या पैशातून एक फोन घेता आला तर तो गटाचाच राहू द्या. एकीच्या घरचा होऊ देऊ नका.

आणि घरात सांगा की हा कामाचा वेळ आहे. फोटो काढत बसलेली बाई दिसली की "काय खेळ मांडलाय" असं म्हणणारं कुणीतरी निघतंच. त्यांना होमाई व्यारावाला यांची गोष्ट सांगा. १९१३ साली नवसारीला जन्मलेली ही पारशी बाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकली. भारतातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून तिची ओळख आहे. तिनं काढलेले सुरुवातीचे फोटो तिच्या नवऱ्याच्या नावानं छापून येत. पुढं दिल्लीत राहून तिनं स्वातंत्र्याच्या काळातले मोठमोठे प्रसंग टिपले, आणि २०११ साली सरकारनं तिला पद्मविभूषण दिलं. फोटो तिचा आणि नाव दुसऱ्याचं, हे तिच्याही वाट्याला आलं होतं. म्हणून फोटोच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत आपल्या गटाचं आणि गावाचं नाव टाका. यानं दोन कामं होतात. मेहनत कुणाची ते कळतं, आणि दुसरा कुणी आपला फोटो उचलून त्याचा माल विकायला जरा तरी कचरतो.

नाव टाकायचं, पण चेहरा टाकायचा की नाही? गिऱ्हाइकाला माल करणाऱ्या बाईचा चेहरा बघायला आवडतं, हे खरं. पापड लाटणाऱ्या बायांचा फोटो बघून मालाबद्दल आपुलकी वाटते. पण जिचा चेहरा आहे तिला आधी विचारा, आणि फोटो कुठं जाणार तेही सांगा. ती नको म्हणाली तर नको. कारण विचारायचं नाही. हात दाखवले तरी चालतं. पिठानं माखलेले, बांगड्या घातलेले हात पुष्कळ सांगून जातात. चेहरा दाखवायचाच तर तो आहे तसा दाखवा. फोनमधली चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारी सोय बंद करा. उन्हात वाळवण राखणाऱ्या बाईचा रंग उन्हाचाच असणार, त्यात पुसण्यासारखं काही नाही.

लहान मुलींचे फोटो मालाबरोबर पाठवू नका. भिंतीवरचं आधार कार्ड, पासबुक, घराचा नंबर, गाडीचा नंबर फोटोत आलेला नाही ना, ते पाठवण्याआधी बघा.

पाठवताना

इतकं करून चांगला आलेला फोटो पाठवताना बिघडू शकतो. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की तो लहान होऊन, दाबून जातो. पाठवताना वर एचडी असं लिहिलेलं दिसतं, ते दाबून पाठवला तर बराच स्वच्छ जातो. एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला असा फिरलेला फोटो किंवा फोटोचा स्क्रीनशॉट पुढं पाठवू नका. मूळ फोटो गटाच्या एका फोनमध्ये वेगळ्या कप्प्यात जपून ठेवा आणि तिथूनच पाठवा. फोनमध्ये जागा नाही असं येत असेल तर सकाळच्या शुभेच्छांची फुलं आणि सुविचार काढून टाका. गावातल्या निम्म्या फोनांची जागा त्यांनीच खाल्लेली असते.

एका वस्तूचे वीस फोटो पाठवायचे नाहीत. पाच पुरे: आख्खा माल, जवळून, हातावर किंवा काट्यावर ठेवून, लेबल, आणि शिजवल्यावर किंवा वापरल्यावर कसा दिसतो तो. खाली चार ओळी लिहा. वस्तूचं नाव, वजन, भाव, किती दिवस टिकते आणि किती दिवसांत पोचेल. फोटो बघून पडणारा पुढचा प्रश्न हाच असतो. उत्तर तिथंच मिळालं की गिऱ्हाईक रेंगाळत नाही.

या आठवड्याचं काम

ऐकून विसरायला होतं, म्हणून एक काम देते. एका वाटीत तांदूळ घ्या. ती वाटी घरातल्या चार जागी ठेवा: ओट्यावर, दाराच्या आत, चुलीजवळ आणि अंगणात. सकाळी, दुपारी आणि दिवस मावळायच्या आधी, प्रत्येक जागी एकेक फोटो काढा. बारा फोटो होतील. फुकट आहेत, काळजी करू नका. रात्री सगळ्या मिळून बघा की तांदूळ कुठं आणि कधी खराखुरा तांदळासारखा दिसतो. तीच तुमची फोटोची जागा आणि तीच तुमची वेळ. तिथं खडूनं खूण करून ठेवा. ऋतू बदलला की सूर्य सरकतो, म्हणून दिवाळीच्या फराळाआधी हाच खेळ पुन्हा एकदा करा.

पुढच्या वेळी पार्सल कसं बांधायचं, पापडाचा चुरा न होता ते कसं पोचवायचं, ते बघू. तोवर काच पुसा, बत्ती बंद ठेवा, आणि जसा माल तसाच फोटो पाठवा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.